चारशे रुपयांची पेडलं

माझ्याकडे २००८ सालची पेट्रोल स्विफ्ट आहे. दोन मालक बदलून माझ्याकडे आली. १२९८ सीसीचं इंजिन, ८७ बीएचपी. मे २००५ मध्ये ही गाडी भारतात आली तेव्हा मी डी.एड.ला होतो आणि गडचिरोलीच्या बसस्टँडसमोर उभी असलेली पहिली लाल स्विफ्ट बघायला दोन मित्रांसोबत मुद्दाम गेलो होतो. खरी दोन दारांची स्पोर्ट्स कार आमच्या धानोऱ्यात कुणाच्या दारात मी पाहिलेली नाही. हलकी, चपळ, वळणावर रस्ता धरून राहणारी आणि मास्तरच्या पगारात बसणारी गाडी म्हणजे हीच. तिच्यावर माझा जीव आहे.

या गाडीला मी चारशे एकोणपन्नास रुपयांचा ॲल्युमिनियमच्या पेडलांचा संच लावला. क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर, ज्याला आमच्या गॅरेजात 'रेस' म्हणतात, अशी तीन चकचकीत पेडलं, पाकिटात सहा स्क्रू आणि एक ॲलन की. कंपनीचं नाव पाकिटावर धड नव्हतंच. बसवायला वीस मिनिटं लागली. त्या वीस मिनिटांनी पुढच्या दोन वर्षांत मला जे शिकवलं ते क्रमाने लिहितो आहे, कारण तसलीच पेडलं आता मी धानोऱ्यातल्या तरण्या पोरांच्या गाड्यांत बघतो.

१. हे पेडल मुळात कुणासाठी झालं, ते आधी समजून घ्या.

शर्यतीच्या गाडीत धातूचं पेडल शोभेसाठी नसतं. शर्यतीचा चालक वळणाआधी उजव्या पायाच्या चवड्याने ब्रेक दाबतो आणि त्याच पायाची टाच किंवा कड रेसवर टेकवून इंजिनाचे फेरे वाढवतो. त्यामुळे खालच्या गिअरमध्ये जाताना चाकांना झटका बसत नाही. हे जमायला ब्रेक आणि रेस एका ठरावीक उंचीवर लागतात, आणि पायात पातळ, चिवट तळव्याचा बूट लागतो. ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या जवळजवळ एक तृतीयांश. त्यात भोकं पाडली की वजन आणखी उतरतं आणि भोकांच्या कडा बुटाचा तळवा धरून ठेवतात. नाशिकच्या बाजूला झालेल्या रॅली ऑफ महाराष्ट्रसारख्या रॅलीत उतरणाऱ्या गाड्यांना याचा उपयोग आहे, कारण त्या चालकाचा बूट, त्याची सीट, त्याचा पट्टा असं सगळंच त्या हिशेबानं बसवलेलं असतं.

माझ्या पायात जुलैमध्ये रबरी चप्पल असते. माझी शाळा रांगी गावाच्या बाजूला, शेवटचा अर्धा किलोमीटर पायी. येताना चपलेच्या तळाला धानाच्या बांधीतला चिखल. हा फरक मी पेडल विकत घेताना लक्षात घेतला नव्हता.

२. चुंबक सोबत ठेवा.

ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही. चिकटलं तर आत लोखंडी पत्रा आहे आणि वर मुलामा. तो मुलामा आमच्या पावसात एक हंगाम टिकतो. हातात घेऊन वाकवून बघा, पेडल थोडंही लवलं तर परत द्या. कडेवरून बोट फिरवा. माझ्या संचातल्या ब्रेकच्या पेडलाची खालची कड ब्लेडसारखी होती, ती मी नंतर कानशीनं घासून गोल केली. आणि पेडलावर मधे मधे उठलेल्या रबरी बुंद्या नखानं ढकलून बघा. पाय त्याच बुंद्या धरतात. स्वस्त संचात त्या मागून नुसत्या खुपसलेल्या असतात, ढकलल्या की निघतात.

३. रबरावर धातू चढवू नका.

माझी सगळ्यात मोठी चूक ही, म्हणून हिच्यावर जास्त लिहितो.

पाकिटावर 'ड्रिल नको, सोपी फिटिंग' असं लिहिलं होतं. पेडलाच्या मागे वळलेल्या दोन पट्ट्या येतात. कंपनीचं रबर तसंच ठेवायचं, त्यावर ॲल्युमिनियमचं पेडल ठेवायचं, पट्ट्या मागून अडकवायच्या आणि समोरून स्क्रू आवळायचे. मी आवळले. हातानं हलवून बघितलं, घट्ट होतं. गाडी चालवून बघितली, छान वाटलं. शाळेतल्या मुलांनी खिडकीतून डोकावून बघितलं, तेव्हा अभिमानही वाटला.

रबर दबतं. रोज शेकडो वेळा पाय पडला की ते थोडं थोडं बसतं. उन्हानं मऊ होतं, थंडीनं आकसतं, आणि पट्ट्यांना जेवढा ताण सुरुवातीला होता तेवढा राहत नाही. हे इतकं हळू होतं की रोज चालवणाऱ्याला कळत नाही.

जुलैचा दुसरा आठवडा होता. रोवणी जोरात सुरू होती. गडचिरोलीहून संध्याकाळी परत येत होतो. मागच्या सीटवर शेजारच्या म्हाताऱ्या काकू होत्या, त्यांना जिल्हा रुग्णालयात दाखवून आणलं होतं. चातगाव मागे पडलं, दोन्ही बाजूंनी जंगल, पाऊस नुकताच थांबलेला. आमच्याकडे पाऊस थांबला की ढोरं रस्त्यावर येऊन बसतात, कारण डांबर लवकर सुकतं आणि कोमट असतं. वळण संपल्यावर समोर सात-आठ गाई बसलेल्या दिसल्या. वेग साठच्या आसपास असेल. ब्रेकवर पाय मारला, तर पेडल पायाखाली फिरलं. ॲल्युमिनियमचा पत्रा रबरावरून उजवीकडे सरकला आणि चिखलाची चप्पल त्याच्यावरून घसरून खाली गेली.

ताशी साठ म्हणजे सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर. पाय उचलून पुन्हा ब्रेकवर आणायला मला अर्धा सेकंद लागला असं धरलं, तरी तेवढ्यात गाडी आठ मीटर पुढे गेली. ब्रेक लागायच्या आधी. दुसऱ्यांदा पाय बसला, चाकं किंचाळली, गाडी एका गाईपासून दोन हातांवर थांबली. गाय उठलीसुद्धा नाही. काकूंच्या कपाळाला समोरच्या सीटचा मार लागला, आवळ्याएवढं टेंगूळ आलं. त्यांनी मला एका शब्दानं दोष दिला नाही. "देवानं राखलं बाप्पा," एवढंच म्हणाल्या. मी गाडी बाजूला घेतली आणि किती तरी वेळ स्टिअरिंग धरून बसून राहिलो.

घरी येऊन टॉर्च लावून बघितलं. पेडल तिरकं झालेलं, एक पट्टी निखळलेली, दोन बुंद्या कधीच्या पडून गेलेल्या. एवढंच कारण.

४. चिखल हा वेगळा विषय आहे.

ओलं रबर घसरतं, पण ते थोडं दबतं आणि त्याच्या खाचा चपलेच्या तळात रुततात. धातू दबत नाही. त्याची पकड फक्त भोकांच्या कडांवर आणि रबरी बुंद्यांवर असते. भोकं चिखलानं भरली आणि बुंद्या पडल्या, की पायाखाली ओल्या ताटासारखा पत्रा उरतो. आमच्या बांध्यांतली माती चिकट. पऱ्हे लावून आलेल्या माणसाच्या पायावर वाळली की खरवडावी लागते. ती पेडलाच्या भोकांत वाळली तर खिळा घेऊन काढावी लागते. मी काढली आहे.

आता गाडीच्या दाराच्या कप्प्यात एक जुनं गोणपाट असतं. बसण्याआधी चपलेचा तळ पुसतो. जोराच्या पावसात चप्पल मागे टाकून कॅनव्हासचा बूट घालतो.

५. मिस्त्रीकडे जा आणि त्याला घाई करू नका.

गडचिरोलीला माझे एक जुने मिस्त्री आहेत. त्यांनी पेडल हातात घेऊन एक मिनिट बघितलं आणि मला विचारलं, "सर, रबर काहून ठेवलं मंग खाली? नरम जागेवर कडक वस्तू बसते का?"

मग त्यांनी जे केलं ते इथे सांगतो, कारण ते बघितल्यावर स्वस्त पेडल वाईटच असतं असं मी म्हणू शकत नाही. फिटिंग वाईट असतं.

आधी रबर ओढून काढलं. खाली पोलादी पट्टी असते, दांडीला मागून वेल्डिंग केलेली. ती पट्टी त्यांनी घासून, रॉकेलनं पुसून कोरडी केली. एका वहीच्या पुठ्ठ्यावर पट्टीचा आकार काढून कापला, तो ॲल्युमिनियमच्या पेडलावर ठेवून भोकं कुठे येतात ते पेन्सिलीनं मारलं. पेडलाची स्वतःची भोकं उगाच वाढवली नाहीत. आधीच असलेल्या भोकांतून जिथे बोल्ट पट्टीच्या कडेशी आणि वेल्डिंगपासून लांब पडेल, तीच निवडली. पंच मारला, बारीक ड्रिलनं सुरुवात, मग मोठं ड्रिल. "पायडलच्या दांडीले कधीच भोक पाडाचं नाही," ते म्हणाले. दांडीवर तुमच्या पायाचा सगळा जोर येतो. पाय जेवढ्या जोरानं दाबतो, त्याच्या चार-पाच पट जोर ब्रेकच्या मास्टर सिलिंडरला देण्यासाठीच ती दांडी लांब केलेली असते. तिला भोक पाडून कमजोर करायचं नाही.

बोल्टला मागून साधा नट लावला नाही. आत नायलॉनची कडी असलेला नट लावला, तो हादऱ्यानं सैल होत नाही. बोल्टचं डोकं पेडलात बुडेल असं घेतलं, वर आलेलं डोकं चपलेत अडकतं. आणि पत्रा व पोलाद यांच्यामध्ये सायकलच्या ट्यूबचा पातळ तुकडा घातला, कारण ओलाव्यात ॲल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना चिकटून राहिले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि पांढरी भुकटी पडते. हा तुकडा एक मिलिमीटरसुद्धा जाड नव्हता. मी पहिल्यांदा मधे ठेवलेल्या जाड रबराशी त्याची तुलना होत नाही.

तीन पेडलांना अडीच तास लागले. मी मधे एकदा घड्याळ बघितलं, तर ते म्हणाले, "भोक पाडाचं काम दोन मिनिटाचं हाय. पन कुठी पाडाचं ते पाह्यले टाइम लागते." त्या अडीच तासांचे त्यांनी दोनशे रुपये घेतले. मी पाचशे दिले.

६. काढण्याआधी उंची मोजून लिहून ठेवा.

कंपनीनं ब्रेक रेसपेक्षा वर ठेवलेला असतो. माझ्या गाडीत हे अंतर चार सेंटीमीटरहून थोडं जास्त होतं. ते उगाच नसतं. ब्रेक दाबताना पायाची कड रेसवर जाऊ नये म्हणून असतं. रेसवर जाड कव्हर बसवलं आणि ब्रेकचं रबर काढून पातळ पत्रा लावला, की हे अंतर दोन्हीकडून कमी होतं. रुंद बूट घालणारा माणूस मग एकाच वेळी दोन्ही दाबतो. शर्यतीच्या चालकाला तेच हवं असतं, ढोरं बसलेल्या रस्त्यावर आपल्याला नको असतं.

पट्टी, वही आणि पेन घ्या. जमिनीपासून तिन्ही पेडलांची उंची, ब्रेक आणि रेस यांच्यातलं आडवं अंतर, क्लचचा सुरुवातीचा रिकामा हेलकावा लिहून ठेवा. बसवल्यावर पुन्हा मोजा. शाळेची पट्टी पुरते.

७. खाली मॅट बघा.

स्वस्त संचातलं रेसचं पेडल बहुतेक वेळा खालून लांब असतं, शर्यतीच्या गाडीसारखं दिसावं म्हणून. आमच्याकडे पावसाळ्यात लोक एका मॅटवर दुसरी जाड मॅट टाकतात. रेस पूर्ण दाबली की तिची खालची कड मॅटच्या काठाखाली जाऊन अडकू शकते आणि पाय उचलला तरी रेस परत येत नाही.

ही कल्पना नाही. २८ ऑगस्ट २००९ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियात टोयोटाच्याच एका लेक्सस गाडीची रेस मॅटखाली अडकली आणि चार माणसं गेली. त्यानंतर टोयोटाला तिथल्या सुमारे ३८ लाख गाड्यांच्या मॅट आणि पेडलांसाठी सूचना काढावी लागली. एवढी मोठी कंपनी, एवढ्या चाचण्या, आणि कारण एका मॅटच्या काठाचं. माझ्या पेडलाची खालची दोन सेंटीमीटर मिस्त्रींनी करवतीनं कापली. वरची मॅट मी काढून टाकली.

बसवून झाल्यावर इंजिन बंद ठेवून प्रत्येक पेडल हातानं तळापर्यंत दाबा आणि सोडा. पटकन, आवाज न करता परत आलं पाहिजे. मग कुणाला तरी गाडीच्या मागे उभं करा आणि ब्रेक सोडल्यावर मागचा लाल दिवा विझतो का ते विचारा. ब्रेकच्या दांडीजवळ या दिव्याचा स्विच असतो. काही अडकलं आणि पेडल पूर्ण वर आलं नाही तर दिवा जळत राहतो, आणि ब्रेक चाकाला घासत राहतात.

८. गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला विचारा.

माझी बायको उपकेंद्रात परिचारिका आहे. आठवड्यातून दोनदा गाडी तीच नेते. गाईच्या प्रसंगाच्या महिनाभर आधी तिनं मला सांगितलं होतं, "अहो, ब्रेकवर पाय नीट बसत नाही माझा." तिचा पाय माझ्यापेक्षा लहान, सीट पुढे ओढलेली, त्यामुळे तिचा चवडा पेडलाच्या खालच्या भागावर पडतो. तिथेच बुंद्या निघाल्या होत्या. मी म्हटलं, सवय होईल. त्या उत्तराची मला अजून लाज वाटते.

धानोऱ्यापासून तीन किलोमीटरवर मेंढा-लेखा आहे. त्या गावाच्या ग्रामसभेत निर्णय बहुमतानं होत नाही, सर्वांच्या सहमतीनं होतो. एकाचाही आक्षेप असेल तर विषय पुन्हा चर्चेला येतो. जंगलाचा हक्क मिळवलेलं ते गाव एवढी काळजी घेतं, आणि मी घरातल्या दोघांच्या गाडीचा निर्णय एकट्यानं घेतला होता. दुसऱ्यांदा पेडलं बसवली तेव्हा बायको गॅरेजात आली, तिच्या रोजच्या चपलेत बसली, आणि तिनं हो म्हटल्यावरच शेवटचा नट आवळला.

९. मे महिन्यात अनवाणी पाय टाकू नका.

आमच्या भागात कित्येक जण चप्पल काढून गाडी चालवतात. रबराच्या पेडलावर चालतं. दुपारी उन्हात उभ्या असलेल्या गाडीत काचेतून ऊन थेट पेडलावर येत असेल, तर ॲल्युमिनियम चटका देतं, आणि चटका बसला की पाय आपोआप मागे येतो. तेंदूपत्त्याच्या हंगामात मी एकदा हे अनुभवलं, तेही फाटकातून गाडी मागे घेताना.

१०. कायदा आणि विमा.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रावरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. पेडलाचं कव्हर त्या प्रमाणपत्रात येत नाही, म्हणून पोलीस त्यासाठी बहुधा थांबवणार नाहीत. पण अपघात झाला आणि गाडीची तपासणी झाली, तर निखळलेलं पेडल तपासणाऱ्याला दिसेल. विम्याच्या नूतनीकरणाच्या वेळी मी गाडीत केलेला बदल अर्जात लिहून दिला आणि त्याची प्रत कागदांसोबत ठेवली.

११. माझा निकाल.

मिस्त्रींनी बसवलेली पेडलं एक पूर्ण पावसाळा हलली नाहीत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी खाली वाकून नट तपासतो, आजवर एकही सैल निघालेला नाही. क्लच आणि रेसवर ॲल्युमिनियम आजही आहे. डाव्या पायाच्या विसाव्याच्या जागीही मी एक पट्टी लावली. ती मला दिसायला आवडते आणि पायालाही बरी वाटते.

ब्रेकवरचं मात्र मी काढलं. गडचिरोलीच्या सुट्या भागांच्या दुकानातून कंपनीचं नवीन रबर आणलं. शंभरची नोट दिली तर सुटे पैसे परत आले. आमच्या भागात ज्याच्या दारात चारचाकी आहे त्याच्या दारावर रात्री-अपरात्री थाप पडते. कुणाला साप चावलेला असतो, कुणाच्या सुनेला कळा सुरू झालेल्या असतात, मुरूमगावकडून येणारी रुग्णवाहिका दुसरीकडे गेलेली असते. अशा रात्री मी पायात मिळेल ते घालून निघतो, कधी ओल्या चपला, कधी काहीच नाही. गावावरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ९३० वर तेव्हा अंधार, ढोरं आणि ट्रक असतात. त्या वेळी माझ्या पायाखाली कोणतं पेडल असावं, याचं उत्तर माझ्यापुरतं ठरलेलं आहे.

धानोऱ्याच्या, चामोर्शीच्या, मूलच्या, सावलीच्या पोरांनो, पेडलं लावा, पण रबर काढून, बोल्टनं, मिस्त्रीच्या हातून लावा. आणि लावणार नसाल तरी उद्या सकाळी गाडीचं दार उघडून खाली वाका आणि ब्रेकच्या रबरावर अंगठा फिरवा. खाचा गुळगुळीत झाल्या असतील तर त्याच दिवशी नवीन बसवून घ्या.